बोटीचं नाव

मुरब्याच्या किनाऱ्यावर मनासारखा फोटो हवा असेल तर दोन घड्याळं जुळावी लागतात. पहिलं सूर्याचं. ते मुंबईहून पहाटेची गाडी पकडून बोईसरला उतरणाऱ्या हौशी फोटोग्राफरला तोंडपाठ असतं. मोबाइलमध्ये त्यासाठी ॲपच असतं. दुसरं भरतीचं, आणि इथे बऱ्याच जणांचा सगळा बेत फसतो. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला आहे. पाणी चढल्याशिवाय मोठी बोट बाहेर पडत नाही की आत येत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास उधाण, आणि सूर्य उगवता-मावळता नेमकी ओहोटी. पौर्णिमेचा रविवार गाठून आउटिंग ठरवणारा क्लब मुरब्याला पोहोचतो तेव्हा बोटी चिखलात कलंडून पडलेल्या असतात. अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर कमी, पण सोनेरी उजेडात हलती बोट दिसण्याचा योग त्याच दिवसांत जास्त. हे सांगायला कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गाची गरज नाही. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या कुणालाही विचारलं तरी चालतं.

पण विचारत कोण? कॅमेरा घेऊन आलेला माणूस धक्क्यावर बोलायला आलेला नसतो, बघायला आलेला असतो. हौशी फोटोग्राफीच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात बघण्याचं कौतुक खूप झालं, विचारण्याचं कमी. मला मुरब्याच्या निमित्ताने त्याविषयी लिहायचं आहे.

मुरबे पालघर जिल्ह्यातलं मच्छीमारांचं गाव. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे सातपाटी. पाण्यावरून हाकेच्या अंतरावर, रस्त्याने मात्र लांबचा वळसा. सातपाटीचं नाव पापलेटमुळे आणि तिथल्या जुन्या सहकारी संस्थांमुळे राज्यभर झालं. २०२३मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा सातपाटीचेच फोटो छापले. मुरबे त्या मानाने मागे राहिलं, आणि म्हणूनच फोटोग्राफरला आवडतं. गर्दी कमी, किनारा मोकळा, बोटी, वाळत घातलेले बोंबील, टोपल्या, रंगीत लुगडी, पश्चिमेला उघडं क्षितिज. २०१३मध्ये लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, आणि मुंबईच्या क्लबांच्या नकाशावर हा पट्टा आला. शिवाय बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आणि अणुवीज केंद्रात पाळीने काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या वस्त्या शेजारीच आहेत. हातात थोडे पैसे, आठवड्यातून एक मोकळा दिवस आणि यंत्रांची आवड, या तिन्हींची सांगड जिथे पडते तिथे कॅमेरे विकत घेतले जातातच.

क्लबच्या दुनियेत एकदा शिरलं की तिथली शिडी लवकर कळते. आधी आउटिंग. मग महिन्याची अंतर्गत स्पर्धा: विषय दिलेला, फोटो पडद्यावर एकेक करून येतात, परीक्षक गुण देतात आणि नंतर टीका करतात. क्षितिज वाकडं आहे. डावा कोपरा फार उजळ आहे, डोळा तिकडे पळतो. माणूस चौकटीतून बाहेर बघतोय, त्याच्यापुढे जागा सोडायला हवी होती. या टीकेची टिंगल करणं सोपं आहे, पण मी करणार नाही. फोटो काढणाऱ्याला स्वतःचा फोटो दिसत नसतो. त्याला ती पहाट आठवत असते, थंडी आठवत असते, चिखलात रुतलेला बूट आठवत असतो. यातलं काहीच न अनुभवलेला एखादा अनोळखी माणूस समोर बसून फक्त चौकट पाहतो आणि बोलतो, ही क्लबने दिलेली मोठी देणगी आहे. फेसबुकवरच्या अंगठ्यांनी ती कधी दिली नाही.

अंतर्गत स्पर्धेनंतर सलोन. आंतरराष्ट्रीय सलोन म्हणजे जगभरातून फोटो मागवून भरवलेली स्पर्धा आणि प्रदर्शन. फी भरायची, मोनोक्रोम, रंगीत, निसर्ग, प्रवास अशा विभागांत ठरावीक फोटो पाठवायचे. सहसा तीन परीक्षक असतात. पडद्यावर फोटो काही सेकंद राहतो, तिघे बटण दाबतात, बेरीज होते, पुढचा फोटो. आलेल्यांतले साधारण पाव स्वीकारले जातात. स्वीकारल्या गेलेल्या फोटोला 'ॲक्सेप्टन्स' म्हणतात, आणि या दुनियेचं चलन तेच. पदक मिळालं तर उत्तम, पण हिशोब ॲक्सेप्टन्सचा ठेवायचा. कारण पुरेशा ॲक्सेप्टन्स जमल्या की नावापुढे अक्षरं लावता येतात.

ही अक्षरं कुठून आली? लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३मध्ये निघाली, १८९४मध्ये तिला 'रॉयल' म्हणवून घेण्याची परवानगी मिळाली आणि पुढल्याच वर्षी तिने फेलोशिप द्यायला सुरुवात केली. एलआरपीएस, एआरपीएस आणि एफआरपीएस या तिच्या तीन पायऱ्या. त्यातली सर्वांत खालची लायसेन्शिएट मात्र सर्वांत उशिरा, १९७२मध्ये आली. दुसरं घराणं युरोपातलं. दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशींच्या हौशी संघटनांना एकत्र बांधण्याची कल्पना बेल्जियमच्या डॉ. व्हान डी वायर यांनी मांडली आणि १९५०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात 'फियाप' उभी राहिली. तिची एएफआयएपी, मग ईएफआयएपी, आणि त्याच्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम, हिरा असे मजले. आपल्याकडे १९५३मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली आणि भारतातल्या क्लबांना या जगाचं दार उघडलं. तिसरं घराणं अमेरिकेतलं, १९३४ सालचं, पीएसए नावाचं.

यांतल्या पहिल्या दोन घराण्यांच्या पदव्या वरून सारख्या दिसतात, पण त्यांची रीत अगदी वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. फियापची एएफआयएपी मिळवायची तर निदान आठ देशांतल्या सलोनांत, निदान पंधरा वेगवेगळ्या फोटोंच्या मिळून ठरलेल्या संख्येने ॲक्सेप्टन्स लागतात. प्रत्येक फोटो एकटा लढतो. मुरब्याची बोट सर्बियात स्वीकारली जाते, राजस्थानातला उंट अर्जेंटिनात, आणि वहीत दोन्हींची नोंद एका रांगेत होते. आरपीएसच्या एआरपीएससाठी पंधरा फोटो एकत्र द्यावे लागतात. या संचाला पॅनल म्हणतात, आणि त्यात कोणत्या रांगेत कोणता फोटो हेही तुम्हीच ठरवायचं. सोबत दीडशे शब्दांत लिहून द्यायचं की हे फोटो तुम्ही का काढले आणि त्यांतून काय सांगायचं आहे. परीक्षक आधी ते शब्द ऐकतात आणि मग पॅनलकडे बघतात.

त्या दीडशे शब्दांनी भल्याभल्यांना घाम फुटतो. आठ देशांतून ॲक्सेप्टन्स मिळवलेला माणूस त्या रिकाम्या कागदापुढे अडकतो, कारण त्याला एका फोटोपुरतं बोलायची सवय झालेली असते. पंधरा फोटोंत मिळून एकच गोष्ट सांगायची तर ती आधी माहीत हवी. ती माहीत व्हायची तर धक्क्यावर पुन्हा जायला हवं, आणि पुन्हा गेलं की कुणीतरी विचारतं, "काय रे, परत आलास?" तिथून बोलणं सुरू होतं.

आता मागे जातो, कारण न विचारता बघण्याचा हा गोंधळ आजचा नाही.

हिंदुस्थानातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी ऑक्टोबर १८५४मध्ये मुंबईत निघाली, लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आत. कलकत्ता आणि मद्रास दोन वर्षं मागे होते. अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार, पण गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर इथली मंडळीही होती: डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण बाहेर पडले, मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक. तेव्हा काच, कोलोडियन आणि सिल्व्हर नायट्रेटचा जमाना. ओली काच वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा. मुंबईच्या उन्हात ईथर भुर्रकन उडून जायचा. हौस महाग होती आणि घाणेरडीही. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडत.

या सोसायटीचा एक खांब विल्यम जॉन्सन. सरकारी नोकरी, आणि जोडीला फोटोग्राफी. त्याने विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ ते १८५८ या काळात 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक काढलं. दर अंकात तीन अस्सल फोटो चिकटवलेले. पुढे १८६३ आणि १८६६मध्ये त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. या खंडांतली गंमत बारकाईने पाहणाऱ्यांच्या लक्षात आली आहे: माणसांचे गट एके ठिकाणी टिपलेले, पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि दोन्ही निगेटिव्ह जोडून एक चित्र केलेलं. माणसं आहेत, पण ती जिथे उभी दिसतात तिथे उभी नव्हती. खाली जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. आपल्या पहिल्या क्लबच्या मोठ्या कामगिरीत हे दोन्ही दोष एकत्र सापडतात, आणि दोन्ही आजवर क्लबात टिकून आहेत.

विसाव्या शतकात हौस स्वस्त झाली. कोडॅकचा डबा कॅमेरा १८८८चा, पण मुंबईच्या मध्यमवर्गाच्या हातात कॅमेरा यायला दोन महायुद्धांमधला काळ उजाडला. १९३२मध्ये 'कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे' निघालं, जहांगीर उनवाला त्यातलं मोठं नाव. १९३७मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया'. पिक्टोरियलिस्ट म्हणजे फोटोने चित्रासारखं दिसावं असं मानणारे. धुकं, मऊ कडा, ब्रोमाइडवर हाताने केलेली कामं, आणि विषय ठरलेले: बैलगाडी, पाणवठा, म्हातारा, होडी. कोळी आणि होडी तर या मंडळींच्या फार आवडीची. त्या फोटोंची नावं इंग्रजी असायची आणि अर्थ असा की 'कष्ट', 'परतीची वाट', 'संध्याकाळ'. ती संध्याकाळ कुठली, ते कष्ट कुणाचे, हे विचारणं अरसिकपणा ठरे.

पण क्लबने दिलं ते नुसतं धुकंच असंही नाही. मुंबईच्या त्याच हौशी वातावरणात माणेकशा व्यारावाला नावाचा, टाइम्समध्ये हिशेबनीस असलेला तरुण फोटो काढायचा, आणि त्याने पुढे त्याची पत्नी झालेल्या होमाईला कॅमेरा शिकवला. होमाई व्यारावाला यांनी स्त्रियांच्या एका सहलीचे फोटो काढले, ते 'बॉम्बे क्रॉनिकल'ने एकेका फोटोला एक रुपया देऊन छापले. सुरुवातीचे काही फोटो तर नवऱ्याच्या नावावर छापून आले. तिथून निघून त्या देशाच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. क्लबच्या पिक्टोरियल शिस्तीतून प्रकाश शिकून मग रस्त्यावर उतरण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते. शिस्त आली की माणूस तिथेच थांबतो असं नाही. थांबायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवायचं असतं.

आणि थांबणारेच जास्त. मुरब्याच्या किनाऱ्यावरून सलोनमध्ये गेलेले फोटो बघितले तर विषय मोजके निघतात. सूर्यासमोर काळी आकृती होऊन गेलेली बोट. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, शक्यतो एकटी, शक्यतो पाठमोरी. वाऱ्यावर फुलपाखरासारखं उघडलेलं, हाताने फेकलेलं जाळं. या शेवटच्या फोटोत मोठीच मौज आहे. त्या हाती फेकायच्या जाळ्याला पाग म्हणतात. खाडीच्या कडेला, घरापुरत्या कोलंबी-बोयासाठी पाग टाकतात. पण या किनाऱ्याचं पोट चालतं ते खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींवर, डोल आणि दालदी जाळ्यांवर, बर्फावर, डिझेलच्या भावावर आणि सकाळच्या लिलावावर. पाग सुंदर उघडतो, म्हणून सलोनमध्ये पाग आहे. डिझेलचं बॅरल नाही.

जगात हे प्रकरण आणखी पुढे गेलं आहे. चीनमध्ये ली नदीवर पाणकावळे घेऊन मासेमारी करणारे कोळी आणि म्यानमारच्या इनले सरोवरावर एका पायाने वल्हं मारणारे कोळी यांचे हजारो फोटो आपण पाहिले आहेत. त्यांतले अनेक जण आता मासे धरत नाहीत, फोटोसाठी उभे राहतात आणि त्याचे पैसे घेतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मासळीपेक्षा फोटोग्राफर जास्त नियमित येतो. फसवणूक होते ती फोटोच्या खालच्या ओळीत, जिथे 'परंपरागत मासेमारी' असं लिहिलेलं असतं. पीएसएने प्रवास-छायाचित्राची व्याख्या करताना म्हणूनच स्पष्ट घातलं की खास फोटोसाठी घडवून आणलेला प्रसंग आणि पैसे देऊन उभी केलेली माणसं चालणार नाहीत. नियम चांगला आहे. पण नियम पाळला की नाही ते पडद्यावरच्या काही सेकंदांत कसं कळणार?

कधी कळतं, तेही उशिरा. २००९च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेतला फाटकावरून उडी मारणारा लांडगा पाळीव निघाला आणि २०१०च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं गेलं. २०१९मध्ये दुबईच्या 'हिपा' स्पर्धेचं एक लाख वीस हजार डॉलरचं बक्षीस मलेशियाच्या एड्विन ओंग वी की याला मिळालं, लेकरांना कवटाळून उभ्या असलेल्या व्हिएतनामी आईच्या फोटोसाठी. क्षण अचानक मिळाला असं त्याचं म्हणणं होतं. मग त्याच आईभोवती फोटोग्राफरांचं कोंडाळं जमलेलं दाखवणारा दुसरा फोटो जगभर फिरला. २०२३मध्ये बोरिस एल्डाग्सेनने सोनीच्या स्पर्धेत एआयने केलेली प्रतिमा पाठवली, ती जिंकली आणि त्याने बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रेने उलट केलं: दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या विभागात फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो पाठवला, तोही जिंकला आणि बाद झाला. परीक्षक मूर्ख होते असं मला वाटत नाही. फोटो एकटा, नावागावाविना समोर आला तर तो खरा की खोटा हे ठरवायला त्याच्यात काही उरत नाही, एवढंच यातून दिसतं.

याच स्पर्धांच्या जगात दुसरं टोकही आहे, आणि ते आपल्या जवळचं आहे. नयन खानोलकर हे मुंबईत जीवशास्त्र शिकवणारे. २०१६मध्ये त्यांच्या फोटोला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये 'अर्बन' विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं: रात्री आरे कॉलनीतल्या एका बोळातून चाललेला बिबट्या. त्या एका चौकटीमागे महिनोन्‌महिने लावलेला कॅमेरा ट्रॅप होता, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथल्या वारली वस्तीशी झालेली ओळख. बिबट्या कुठून येतो, कधी येतो, हे पाड्यावरच्या माणसांना ठाऊक होतं. खानोलकरांना ते विचारता आलं. फोटोतून कळतं ते बिबट्याविषयी कमी आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांविषयी जास्त.

मुरब्याला हा प्रश्न आता निव्वळ रसिकतेचा राहिलेला नाही. शेजारच्या वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला पालघरात झाली. मुरब्याच्या किनाऱ्यावरही बंदराचा प्रस्ताव आहे; मच्छीमारांचा त्याला कडाडून विरोध आहे आणि पर्यावरणविषयक जनसुनावणीतही तो ठामपणे मांडला गेला. बंदर व्हावं की न व्हावं यावर माझं मत आहे, पण तो या लेखाचा विषय नाही. विषय हा, की अशा सुनावणीत पहिला वाद कशावरून होतो? इथे मासेमारी किती होते, कोण करतं, कुठे जाळी लागतात, बोंबील कुठे वाळतात, बोटी कुठे नांगरतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत या किनाऱ्याचे सर्वांत जास्त, सर्वांत चांगल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो आहेत क्लबवाल्यांच्या हार्ड डिस्कवर. प्रत्येक फाइलमध्ये तारीख आहे, मिनिट-सेकंद आहे. नाव नाही, जागा नाही. 'परतीची वाट' या नावाचा फोटो सुनावणीत काय सांगणार?

तारापूरला हे आधी घडून गेलं आहे. अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ची. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. विस्थापितांच्या लढ्यात घर कुठे होतं, झाडं किती होती, मासळीसाठी कुठल्या किनाऱ्यावर जात होतो, याच गोष्टींचा पुरावा द्यावा लागतो. सूर्यास्ताचा फोटो त्या कामी येत नाही. अंगणाचा येतो, विहिरीचा येतो, आणि फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेल्या नावांचा तर हमखास येतो.

नाव लिहिण्याने फोटोची कला कमी होते, हा क्लबातला जुना समज आहे. डोरोथिया लँगने १९३६मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला मजूर आईचा फोटो जगातल्या सर्वांत ओळखीच्या चित्रांपैकी एक. त्या बाईचं नाव लँगने विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे हे जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि फोटोमुळे आपल्याला काहीच मिळालं नाही याची तिला खंत होती. लँग ज्या सरकारी प्रकल्पासाठी काम करत होती त्यात फोटोबरोबर तपशील लिहून पाठवणं बंधनकारक होतं. तरी त्या एका फोटोत नाव लिहायचं राहून गेलं. कला कमी झाली असती का? मला नाही वाटत. आपण त्या बाईकडे बेचाळीस वर्षं 'आई' म्हणून पाहिलं, फ्लॉरेन्स म्हणून पाहिलं असतं, इतकाच फरक.

मुरब्यात नावाचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नाही. १४ ऑगस्ट १९४२ला, चले जाव चळवळीत, पालघरला झालेल्या गोळीबारात पाच जण गेले, त्यांत मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी होते. पालघर दर वर्षी त्या दिवशी त्या पाचांना नावानिशी आठवतं. इथली प्रत्येक बोटही नाव मिरवते: कुलदेवतेचं, मुलीचं, आजोबांचं. बाजूला नोंदणी क्रमांक रंगवलेला. आणि नेमकं हेच सलोनच्या आधी पुसलं जातं! चौकटीतली अक्षरं डोळा खेचून घेतात, त्यामुळे विषयावरचं लक्ष उडतं, असा परीक्षकांचा शिरस्ता आहे. त्यामुळे पाठवण्याआधी बोटीचं नाव सॉफ्टवेअरने रंगवून झाकायची सवय लागते. बोट स्वच्छ होते, सुंदर होते आणि कुठलीही होते.

माझी क्लबांकडे एवढीच मागणी आहे: पुसू नका. सलोनला पाठवायची फाइल हवी तशी सजवा, पण मूळ फाइल ठेवा, आणि तिच्यासोबत गाव, जागा, दिवस, बोटीचं नाव, जाळ्याचा प्रकार आणि विचारून मिळालेलं माणसाचं नाव लिहा. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये यासाठी जागा असते. रिकामी असते, एवढंच. क्लबने वर्षाअखेरीस हे फोटो गावाला द्यावेत, एक संच ग्रामपंचायतीत आणि एक मच्छीमार संस्थेत. बोईसरच्या वसाहतीत राहणाऱ्याला हे मुंबईकरापेक्षा सोपं आहे. तो एक जूनला मासेमारी बंद होते तेव्हाही इथेच असतो, बोटी ओढून झाकल्या जातात तेव्हाही, आणि ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या आसपास त्या पुन्हा पाण्यात उतरतात तेव्हाही. सलोनवाल्याला वर्षातून एकदा जे दिसतं, ते त्याला बारा महिने दिसू शकतं.

समजा अशाच कुणी पाळीवाल्याने एआरपीएससाठी मुरब्याचं पॅनल करायचं ठरवलं. पाच-पाचच्या तीन रांगा. वरच्या रांगेत बंदीचे दोन महिने: ताडपत्रीखालची बोट, रंगाचा डबा, इंजिन उघडून बसलेला मेकॅनिक, जाळं शिवणारे हात, पावसात रिकामा धक्का. मधल्या रांगेत हंगाम: भरतीची वाट पाहणाऱ्या बोटी, बर्फाची लादी, लिलावात बोट वर करणारी बाई, हिशोबाची वही, पापलेटचा क्रेट. खालच्या रांगेत गाव: बोंबील वाळवणारं अंगण, रिक्षातून निघालेल्या टोपल्या, बोईसर स्टेशनवर टोपलीशेजारी बसलेली विक्रेती, सुनावणीहून परतलेल्यांची गर्दी. हे चौदा झाले. पंधराव्याला अडचण आहे. जिथे बंदर होणार म्हणतात, तिथला समुद्र. तिथे नुसतं पाणी आहे आणि क्षितिज. क्लबात दाखवला तर परीक्षक म्हणणार, क्षितिज सरळ आलंय, पण फोटोत विषय कुठे आहे? आणि त्याचं उत्तर त्या दीडशे शब्दांत बसवावं लागेल.